कोर्लईचं फिडल आणि भागीकाकीचं रडणं

अन्याय झाला तो कोर्लईच्या मिंगेल फिडलवाल्यावर आणि माझ्या सख्ख्या चुलतीवर, भागीरथीवर. झाला तो शिमग्याच्या आधीच्या शनिवारी, सकाळी, बाजाराला जाणाऱ्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन निघतात त्या वेळी, रेवदंड्याच्या कोटातल्या आमच्या अंगणात. करणारे परके नव्हते. माझे वडील होते, माझी आत्या होती, आणि ज्यांच्या मांडीवर मी वाढले ती आमच्या आळीतली माणसं होती. उमेदीच्या काळात मी पुष्कळ पत्रकं लिहिली. मिठावर लिहिली, दारूच्या गुत्त्यावर लिहिली, जंगलखात्यावर लिहिली. गोऱ्या साहेबाला शिव्या द्यायला मला कधी शब्द शोधावे लागले नाहीत. पण या अन्यायावर लिहिलेलं पत्रक छापलं गेलं नाही, आणि ज्यांनी छापायचं नाकारलं तेही आपलेच होते. म्हणून आता, हातात काठी आली असताना, ते इथे लिहिते. पाल्हाळ होईल. होऊ दे. पत्रकात सगळं एका पानात कोंबावं लागतं; इथे मला कोणी कागद मोजून दिलेला नाही.

आमची वाडी कोटाच्या तटाला लागून. नारळ, पोफळी, मधे केळी, विहिरीवर रहाट. त्या रहाटाची करकर हा आमच्या घराचा आवाज. पहाटे बैल जुंपला की ती सुरू व्हायची आणि ऊन चढेपर्यंत चालायची. मडक्यांतलं पाणी पन्हळीत ओतलं जायचं त्याची खळखळ तिच्यात मिसळलेली, आणि वारा फिरला की पलीकडून दर्या. पाहुण्यांना त्या करकरीनं झोप यायची नाही. आम्हाला ती थांबली की जाग यायची. रहाटाचा बैल हाकायचं काम भागीकाकीचं. तिचा नवरा, म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ पांडूकाका, गलबतावर खलाशी होता. चार पावसाळ्यांपूर्वी त्याचं गलबत कौलं आणायला मलबारकडे गेलं ते परत आलं नाही. बुडालं असंही कोणी सांगितलं नाही. फळकूट सापडलं नाही, प्रेत किनाऱ्याला लागलं नाही, बरोबरचा एक माणूस काय झालं ते सांगायला आला नाही. दर्यावर गेलेल्या माणसाचं असं झालं की आमच्याकडची रीत साधी आहे. बातमी येईपर्यंत तो आहे. तो आहे म्हणून त्याची बायको सवाष्ण आहे. आणि सवाष्णीनं रडायचं नाही.

हे शेवटचं वाक्य समजावून सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. आमच्याकडे घरात माणूस गेलं की कोणी निरोप धाडत बसत नाही. घरातली बाई गळा काढते. तो आवाज आळीनं ऐकला की आळी उठते. कोणी बांबू आणायला जातो, कोणी मडकं. त्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारणी आपल्या घरची भाकरी-पिठलं घेऊन येतात. म्हणजे ते रडणं नुसतं दुःख नसतं, ती दवंडी असते. म्हणून ज्या घरचा माणूस दर्यावर अडकलाय त्या घरातल्या बाईनं रडायचं नाही. रडली तर तिनंच त्याला मारला असं होतं. पोलिसांच्या कायद्यातून पळवाटा काढणारे वकील मी पाहिले आहेत, पण या कायद्यातून पळवाट काढलेली बाई मी पाहिली नव्हती.

आमच्या घरात या कायद्याची अंमलदार होती आत्या. विधवा होऊन माहेरी आलेली, घर तिच्याच हातात. आमच्याकडचा कांदा पांढरा, गोडसर, डोळ्यांना फारसा लागतही नाही. तरी कांदा चिरायला आत्याच बसायची. "भागे, तू हो बाजूला. तुज्या डोळ्याला पानी नको." लाकडं ओली असली की चूल फुंकायला माझी आई, कारण धुरानं काकीचे डोळे पाणावतील. काकणवाला कासार आला की काकीचा हात सगळ्यांत आधी पुढे, आणि चुडा सगळ्यांत भरगच्च. वटपौर्णिमेला वडाला पहिलं सूत तिचं. सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी हे पांडूकाकाच्या आवडीचं जेवण. ते ज्या दिवशी रांधलं जाई त्या दिवशी आत्या काकीच्या तोंडाकडे बघत जेवायची. आणि काकी हसायची. फार हसायची. विहिरीवर हसायची, मासळीवालीशी हसायची, बैलाशी बोलताना हसायची. जरा गप्प बसली की आत्याचा सवाल तयार: "काय झालं गो?" "काय न्हाय वन्स." "मग तोंड का उतरलंय?" की ही पुन्हा हसली. मला तेव्हा वाटायचं, काकी स्वभावानंच आनंदी आहे. आता कोणी बाई इतकं हसताना दिसली की मला धास्ती वाटते.

त्या वर्षी भातं झोडून झाल्यावर तंबूचा सिनेमा गावाबाहेरच्या मैदानात येऊन उतरला. लोक शिनुमा म्हणायचे. दुपारी बैलगाडीवर ढोल वाजवत जाहिरात फिरायची, दिवेलागणीला इंजिन धडधडायला लागायचं, आणि तंबूच्या मधोमध जुनी धोतरं शिवून केलेला पडदा लावून बायकांची बाजू वेगळी काढलेली असायची. चित्रं मुकी. पडद्यावरच्या पाट्या वाचून दाखवणारा एक माणूस होता, त्याचा घसा नेहमी बसलेला. आणि पडद्याच्या पायाशी, वाळूत, चटईवर बसलेला बाजा: पेटी, तबला, एक कॉर्नेट म्हणजे आखूड पितळी तुतारी, आणि मिंगेलचं फिडल. पेटीवाला आणि तबलजी तंबूबरोबर हिंडणारे. कॉर्नेटवाला लग्नाच्या बँडातला. मिंगेल मात्र खाडीपलीकडच्या कोर्लईचा ख्रिस्ती, त्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेला वाजवणारा, एरवी जाळ्याला जाणारा. तंबू रेवदंड्याला असेपर्यंत तो रोज होडीनं इकडे यायचा.

मी तेव्हा सातवी पास झालेली, पत्रकं वाटून तापलेली मुलगी. माणसं शब्दांनी हलतात यावर माझा ठाम विश्वास. बाजा म्हणजे इंजिनाचा आवाज दाबायची सोय, असं माझं मत होतं आणि ते मी मोठ्यानं सांगायचे. ते मत एका संध्याकाळी तंबूतच मोडलं. ओहोटी लागून मिंगेलची होडी चिखलात अडकली होती, पलीकडे लग्न वाजवायला गेलेला कॉर्नेटवाला त्याच होडीत, पेटीवाला तापानं पडलेला, आणि तबलजी त्याच्या उशाशी. मालकानं वाट पाहून शेवटी खेळ तसाच सुरू केला. पडद्यावर एक राजा मरत होता. मुलाला जवळ बोलावतो, हात वर करतो, डोळे फिरवतो, मान टाकतो. बाजा नाही. आणि तंबू हसत सुटला. "वांगी बाधली म्हाताऱ्याला!" पुरुषांच्या बाजूनं कोणी ओरडलं. "अरं, पाठ चोळा त्याची, ढेकर अडकलाय!" बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. तेवढ्यात गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले दोघं आत शिरले. लोक म्हणाले, राजा पुन्हा मारा. मालकानं रीळ पुन्हा लावलं. तोच राजा, तेच डोळे, तोच हात. फक्त खाली फिडल वाजत होतं आणि त्याच्या मागून कॉर्नेट, दबक्या आवाजात, दूर कुठे तरी कोणी हाक मारल्यासारखं. कोणी हसलं नाही. ढेकर म्हणणारा माणूस धोतराच्या सोग्यानं नाक पुसत होता. मी रागावले. खरंच रागावले. मघाशी या माणसांना मेलेला राजा दिसत नव्हता का? एका शब्दावाचून, एका मुद्द्यावाचून, घोड्याच्या केसांनी तारेवर घासून जर माणसाचं काळीज असं फिरवता येत असेल, तर आम्ही पत्रकं कशाला काढायची?

दुसऱ्या दिवशी बंदरावर मिंगेल दिसला तेव्हा मी त्याला अडवलंच. "तुम्ही लोकांना रडवता. कशासाठी?"

तो जाळ्याची गाठ सोडवत होता. वर न बघता म्हणाला, "आमी न्हाय रडवत, बाय. पडद्यावरची मानसं मुकी हायत. त्यांना आमी घसा देतो. रडनारा आपलं रडनं घरून घेऊन येतो."

"हे सगळं बोलायला ठीक आहे."

"मग तू रडलीस का काल?"

"मी नाही रडत."

"तुजं कोनी गेलं न्हाय अजून," तो म्हणाला, आणि हसला. त्याचं ते बोलणं मला उद्धट वाटलं होतं.

ज्या खेळाला काकी आली तो नवीन होता. आत्यानं जाहिरातीच्या गाडीवाल्याला दारात थांबवून विचारलं होतं, "रडायचा हाय का हसायचा?" गाडीवाल्यानं ढोलावर थाप मारून सांगितलं, "शेवट गोड, आत्याबाई! नवरा परत येतो!" नवरा परत येतो म्हटल्यावर आत्या विरघळली. तिला तो शकुनच वाटला. तिनंच काकीला नवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं, डोक्यात अबोलीचा वळेसर माळला आणि माझ्याबरोबर धाडलं. तंबूत आम्ही पुढे बसलो, बाज्याच्या अगदी जवळ. भुईमुगाच्या शेंगा पदरात. काकी हसत होती.

गोष्टीत एक व्यापारी गलबतानं परदेशी निघतो आणि त्याची बायको किनाऱ्यावर उभी राहून बघत राहते. एवढंच. गलबत तर चांगलं दिसतही नव्हतं, कापडावर रंगवलेलं असावं. पण ते निघालं आणि पेटी थांबली, तबला थांबला, आणि मिंगेलनं एकट्यानं सूर लावला. मी तो ओळखला. आमच्या सगळ्या आळीनं ओळखला असणार. कोर्लईत कोणी वारलं की त्यांची माणसं वाजवत मयताबरोबर कबरस्तानापर्यंत जातात, आणि वारा दक्षिणेचा असला की ते वाजवणं खाडीवरून आमच्या वाडीत येतं. नाव आम्हाला ठाऊक नव्हतं, शब्द त्याला होते की नाही तेही ठाऊक नव्हतं. पण तो सूर आला की विहिरीवरची बाई हातातला दोर धरून क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "कोर्लईत कोन तरी गेलं." मिंगेलला परदेशी निघालेल्या नवऱ्यासाठी दुसरं काही सुचलं नाही, की त्याला तेच खरं वाटलं, मला माहीत नाही. तो खालचा सूर धरून ठेवायचा, सोडायचाच नाही, आणि वरचा एक हळूहळू त्याच्यापासून लांब जायचा. कॉर्नेट शेवटी आत आला तो इतका हळू की आधी मला वाटलं बाहेर गाय हंबरतेय.

काकीनं गळा काढला. नुसते डोळे पुसले नाहीत, हुंदका दिला नाही. गळा काढला, दारात तिरडी बांधत असताना बाई काढते तसा. "धनी! अवो धनी! कुठं टाकून गेलात वो!" शेंगा वाळूत सांडल्या. ती दोन्ही हातांनी वाळू उपसत होती. आणि आमच्या आळीच्या बायका, सगळ्याच्या सगळ्या, उठल्या. कोणी कोणाला सांगितलं नाही. पायांनाच ठाऊक होतं. त्या येऊन काकीभोवती बसल्या आणि गळ्यात गळा घालून रडायला लागल्या. पुरुषांच्या बाजूनं "दिवा लावा, दिवा लावा" असा ओरडा. मिंगेलनं गज खाली ठेवला होता. तो गुडघ्यांवर उभा राहून आमच्याकडे बघत होता. बायका काकीला धरून बाहेर घेऊन निघाल्या. चित्रातला नवरा शेवटी परत आला म्हणे. ते बघायला बायकांच्या बाजूला कोणी उरलं नव्हतं.

घरी काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण थोडकंच झालं. काकीला आत घेतलं, दार लावलं. आत्यानं एक शब्द विचारला नाही. तिनं काकीचं पुसटलेलं कुंकू पुन्हा लावलं, इतकं दाबून की कपाळाला नख लागलं. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिनं सांगितलं, "शिनुमा बघून घाबरली. झोपली की होईल बरी." सगळं मिटलं असं त्या दोघांना वाटलं.

सकाळी दारात गोदामावशी उभी. शेजारीण. हातात टोपलीभर भाकऱ्या, वर फडकं. सुनेच्या हातात कुळथाच्या पिठल्याचं पातेलं. मागे आणखी बायका, कोणाकडे भात, कोणाकडे ताकाचं भांडं. दादा राखुंडीनं दात घासत ओट्यावर बसले होते.

"काय गो गोदे, काय हाय?"

"चूल पेटवू नका. आमी आनलंय."

"चूल का नको पेटवू? कोन गेलं?"

गोदामावशीनं मागच्या बायकांकडे पाहिलं. "पांडू गेला ना."

"कोनी सांगितलं?"

"भागी रडली की काल. सगळ्या तंबूनं ऐकलं."

"अगो, ती शिनुमा बघून रडली!"

"शिनुमा बघून असं कोन रडतं, दादा? आमी पन होतो की तिथं. आदी तिनं गळा काढला, मग आमी."

आणि खरी पंचाईत पुढेच होती. मयताच्या घरी आणलेलं अन्न माघारी नेत नाहीत. नेलं तर मरण आपल्या घरी नेलं असं होतं. त्यामुळे बायका टोपल्या घेऊन अंगणात उभ्या, पुढे येववत नाही, मागे जाववत नाही. बाजाराला निघालेले लोक थांबायला लागले. आत्या उंबऱ्यात येऊन ओरडत होती, "माझा भाव जिता हाय! उचला ती पातेली! उचला!" कोणी उचलेना. काकी आत, चुलीपाशी, भिंतीला टेकून बसलेली. डोळे सुजलेले, पण तोंड मला शांत वाटलं. "काकी, तू सांग ना त्यांना काही तरी," मी म्हणाले. ती म्हणाली, "मी काल सांगितलं." बस्स.

शेवटी दामूशेठला बोलावलं. आळीत कोणाचं भांडण, कोणाची वाटणी, सगळ्यात त्याचा शब्द शेवटचा. तो आला, ओट्यावर बसला, सगळं ऐकून घेतलं, आणि पान जुळवत त्यानं जो निवाडा दिला तसा निवाडा मी पुढे कुठल्याही कोर्टात ऐकला नाही. म्हणाला, या घरची सून आपल्या मनानं रडलेली नाही, तिला वाजवून रडवलं. मयताचं वाजवून जित्या माणसाला मेला ठरवलं. तेव्हा ज्यानं वाजवलं त्यानं यावं, याच दारात लग्नाचं वाजवावं, आणि कालचं परत घ्यावं. सुनेनं ओटी भरून पाटावर बसावं, हसावं. मग पातेली माघारी नेली तरी दोष नाही.

मी मधे पडले. म्हणाले, हा काय पोरखेळ आहे, बाई रडली, तिला रडू द्या, त्या बिचाऱ्याचा काय संबंध?

"तुला कागद चिकटवायला चावडी हाय," दामूशेठ म्हणाला. "हितं घरातली मानसं बोलतायत."

"मी घरातलीच आहे."

"मग पाट मांड."

हशा झाला. दादाही हसले. त्या हसण्याचं मला आजही वाईट वाटतं.

मिंगेलला होडीनं आणलं. सदरा बाहीला फाटलेला होता. ओढूनच आणला असावा. फिडल त्यानं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून छातीशी धरलेलं. दामूशेठनं निवाडा सांगितला. मिंगेल म्हणाला, "वाजवलेलं परत कसं घेनार, शेठ? ते हवेत गेलं."

"मग हवेतून आन. न्हायतर उद्यापासून कोर्लईच्या एका बाईची पाटी रेवदंड्याच्या बाजारात उतरनार न्हाय."

त्याची बायको त्याच बाजारात मासळी विकायची. सगळ्या कोर्लईच्या बायका तिथंच विकायच्या. त्यानं लुगड्याचा तुकडा सोडला.

काकीला बाहेर आणून पाटावर बसवलं. आत्यानं तिची ओटी भरली, हळद-कुंकू लावलं, हातात आणखी काकणं चढवली. जुन्या चुड्यावर ती बसेनात, तरी चढवली. "हस," आत्या म्हणाली. आणि मिंगेल वाजवू लागला. ते वाजवणं सुंदर होतं. भीतीनं तो वाईट वाजवेल अशी माझी समजूत होती, आणि त्यानं वाईट वाजवावं अशी माझी इच्छा होती. पण त्या माणसाला वाईट वाजवता येत नव्हतं. कोर्लईच्या लग्नात वाजवतात ते उडतं काही तरी होतं. एक वळण घेऊन ते वर जायचं आणि पुन्हा पहिल्या ठिकाणी उडी मारून यायचं. पोरं टाळ्या वाजवायला लागली. पातेलं धरलेल्या सुनेचा पाय हलायला लागला. आत्याचा चेहरा सैल झाला, आणि तिनं चक्क वाटेकडे पाहिलं. मीही पाहिलं. बोचकं खांद्याला मारून पांडूकाका तटाच्या वळणावरून येतोय, हे मला त्या क्षणी अगदी खरं वाटलं. सगळं अंगण त्या वळणाकडे बघत होतं. काल त्याच फिडलनं खरं सांगितलं होतं आणि आज तेच फिडल, मानगूट धरल्यावर, खोटं सांगत होतं, आणि आम्हा सगळ्यांना खोटं कालच्याइतकंच खरं वाटत होतं. संगीताची थोरवी गाणाऱ्यांची भाषणं मी पुढे खूप ऐकली. त्या अंगणात त्यांना कोणी उभं करायला हवं होतं.

काकी उठली. पाटावरून उतरली आणि मिंगेलच्या समोर जाऊन तिनं तारांवर हात ठेवला. सूर चिरडल्यासारखा होऊन थांबला.

"पुरे, भाऊ," ती म्हणाली. "तू काल खरं वाजवलंस. ते परत घेऊ नको."

"भागे!" आत्या ओरडली.

"वन्स, मला चार पावसाळे ठाव हाय. गलबत गेलं त्याच पावसात मला कळलं. तुमी रडू दिलं न्हाय म्हनून मी हसले. आता न्हाय हसवत." आणि ती काकणं काढायला लागली. आमच्याकडे ती दगडानं फोडतात, दुसऱ्या बायका फोडतात. काकीनं एकेक काढलं, सावकाश, खोबरेल न लावता. जी निघेनात ती ओढून, हात रक्ताळेपर्यंत. फोडलं एकही नाही. "मी आपल्या हातानं काढनार," ती म्हणाली. "कोनी हात लावायचा न्हाय." कोणी लावला नाही. मग ती गोदामावशीपाशी गेली, भाकरी घेतली, पिठल्यात बुडवली, आणि अंगणातच खाली बसून खाल्ली. मयताच्या घरी आणतात ते अन्न. सगळ्यांच्या देखत. खाताना ती रडत होती आणि चावत होती. गोदामावशी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

आत्या मिंगेलच्या अंगावर धावून गेली. "तू मारलास माझ्या भावाला! चालता हो!" फिडलचा गज तिनं हिसकून अंगणात फेकला; त्याचे केस सुटून लोंबायला लागले. मिंगेलनं तो उचलला, फिडल गुंडाळलं, आणि गेला. दामूशेठनं त्याच दिवशी तंबूच्या मालकाला निरोप धाडला की कोर्लईवाला दिसला तर आळीतलं एक माणूस तिकीट काढणार नाही. मालकानं त्याला काढलं. उरलेले खेळ एका कर्ण्याच्या ग्रामोफोनवर झाले, राजा मेला तरी तीच तबकडी, घोडा पळाला तरी तीच. पुढच्या हंगामात तंबूत बोलपट आला आणि कोणालाच काढायची गरज उरली नाही.

मी पत्रक लिहिलं. दोन्ही नावं लिहिली, भागीरथी आणि मिंगेल. दामूशेठचं नाव लिहिलं, दादांचंही लिहिलं. तालुक्याच्या आमच्या पुढाऱ्याकडे घेऊन गेले. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. म्हणाले, "बाई, हा काय विषय आहे? एक बाई सिनेमात रडली. या घरगुती गोष्टी. स्वराज्य आलं की बघू." स्वराज्य आलं. कोणी बघितलं नाही.

काकीला आळीनं नाव ठेवलं: तंबूत रंडकी झालेली. विहिरीवर तिच्या पाठीमागे बायका बोलायच्या, आणि त्यांतल्याच दोन-तीन, ज्यांची माणसं दर्यावर होती, संध्याकाळी एकट्या येऊन तिच्याजवळ बसायच्या. आत्या तिच्याशी पुढे बोलली नाही. प्रेत नव्हतं म्हणून दादांनी दर्भाचा माणूस करून भावाचे दिवस घातले, पण ते पुष्कळ पुढे, काकीनं त्यासाठी अन्न सोडलं तेव्हा. मिंगेल मुंबईला गेला असं ऐकलं. मी मुंबईत नोकरीला लागले तेव्हा थिएटरांत वाजायचं ते चटईवरच्या बाज्याचं राहिलं नव्हतं. पडद्यामागून भरतीसारखे पुढे येणारे व्हायोलिनांचे ताफेच्या ताफे असायचे. नायिका स्टेशनवर उभी राहिली की ते सगळे मिळून एका सुरावर चढायचे, आणि माझ्या शेजारचे शिकलेसवरलेले लोक बाहेर पडताना म्हणायचे, "उगाच रडवतात हो, स्वस्त युक्ती आहे." वाजवणाऱ्यांची नावं पडद्यावर कधी आली नाहीत. त्यांत मिंगेल होता की नव्हता, मला सांगता येणार नाही. मी शोधलं. सापडला नाही.

युक्ती आहे, हे मला मान्य आहे. त्या अंगणात मी ती दोन्ही बाजूंनी पाहिली आहे. तेच सूर बाईला तिचं रडणं परत देऊ शकतात आणि तेच सूर तिच्याकडून ते काढूनही घेऊ शकतात, म्हणून मला त्यांचं कौतुक वाटतं तेवढीच भीती वाटते. पण ज्याला त्याला मी एक विचारते: ती बाई रडली तेव्हा तुम्ही काय केलंत? सूर कोणी वाजवला ते विचारलंत, की माणूस कोणाचं गेलं ते? आमच्या आळीनं पहिलं विचारलं आणि एका माणसाची भाकरी घालवली, एका बाईला पाटावर बसवून हसायला लावलं. तुम्ही शहाणे आहात. तेव्हा हे वाचून हळहळू नका, हळहळीचा मला उपयोग नाही. एवढं करा. थिएटरातल्या अंधारात तुमची आई, बायको, बहीण, सून वाद्यं चढायला लागली की तोंड फिरवून डोळे पुसते, ते तुम्ही पाहिलं आहे आणि चेष्टा केली आहे. आता चेष्टा करू नका. बाहेर पडल्यावर तिला बाजूला घ्या आणि स्वच्छ शब्दांत विचारा, "कोणासाठी रडलीस?" ती म्हणेल, काही नाही, सिनेमा होता. पुन्हा विचारा. आणि ती नाव सांगेपर्यंत तिथून हलू नका.